वंगणापासून वॅक्सपर्यंत : नांदुऱ्याच्या रस्त्यावरील वाहनांची चकाकी

वाहनाच्या रंगाला चकाकी येते ती त्याच्या पृष्ठभागाच्या सपाटपणामुळे. पृष्ठभाग सपाट असला की त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो आणि प्रतिबिंब स्वच्छ दिसते. बारीक ओरखडे असले की तोच प्रकाश विखुरतो आणि रंग धुरकट वाटू लागतो. तेल, राळ, वॉर्निश किंवा मेण यांचे काम दुहेरी असते. ते ओरखडे काही प्रमाणात भरून काढतात आणि ऊन-पाण्यापासून खालच्या थराला जपतात. वाहने बदलली, त्यांचे रंग बदलले, तशी ही माध्यमेही बदलत गेली. बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे तालुक्याचे गाव मुंबई–नागपूर लोहमार्गावर आणि सुरतेहून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. त्यामुळे या बदलाचा जवळजवळ प्रत्येक टप्पा या गावच्या रस्त्याने पाहिला आहे.

वऱ्हाडात रेल्वे येण्यापूर्वी कापसाची वाहतूक बैलगाड्यांवर होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली आणि 1870 मध्ये जलंब–खामगाव हा फाटा सुरू झाला. लांब पल्ल्याचा माल रुळांवर गेला, तरी शेत ते बाजार आणि बाजार ते स्टेशन हे अंतर छकड्यांनीच कापले. छकडा बाभळीच्या लाकडाचा. त्याच्या आखाला वंगण लागे आणि उन्हाने लाकूड तडकू नये म्हणून त्याला जवसाचे तेल पाजले जाई. जवस हे विदर्भातले जुने रब्बी पीक असल्याने हे तेल जवळच मिळे. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते आणि लाकडावर पातळ, पिवळसर, तकतकीत पापुद्रा धरते. खोबरेल किंवा एरंडेल असे सुकत नाही. माणसांच्या प्रवासाची दमणी आणि रेंगी अधिक देखणी ठेवली जात. त्यांच्या लाकडावर तेलरंग आणि वर राळेचे वॉर्निश चढे.

चकाकीची जाण पोळ्याच्या सणातही दिसते. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, बैलाचा खांदा हळद आणि लोणी किंवा तूप लावून पळसाच्या पानांनी शेकतात. दुसऱ्या दिवशी शिंगे तासून गुळगुळीत करतात, त्यांना हिंगूळ किंवा वॉर्निश लावतात आणि वर बेगड चिकटवतात. आधी तासणे आणि मग लेप, हा शिंगांचा क्रम मोटारीच्या पत्र्यालाही जसाच्या तसा लागू पडतो.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांच्या पद्धतीनेच रंगवल्या जात. जवसाचे तेल आणि राळ यांचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर सुकला की घासायचा आणि मग पुढचा द्यायचा. एक गाडी पूर्ण व्हायला आठवडे लागत. 1923 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. हा रंग फवाऱ्याने मारता येई, पण फवारणीनंतर तो मंद दिसे. चकाकीसाठी त्यावर कंपाउंड घासावे लागे. शिवाय हवा आणि ऊन लागून काही महिन्यांत त्यावर पांढुरकी भुकटी चढे. ती काढण्यासाठी पॉलिश आणि ती पुन्हा चढू नये म्हणून वॅक्स, अशी जोडी यातूनच रूढ झाली.

या वॅक्समधला सर्वांत नावाजलेला घटक म्हणजे कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमधील कोपर्निसिया प्रुनिफेरा या ताडकुळातील झाडाच्या पानांवर कोरड्या हवेपासून बचावासाठी मेणाचा थर जमतो. पाने वाळवून आणि झोडपून ते मिळवतात. ते सुमारे 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळते, तर मधमाशीचे मेण 62 ते 64 अंशांनाच. कार्नौबा इतके कडक असते की शुद्ध स्वरूपात ते पत्र्यावर घासताच येत नाही. म्हणून ते मऊ मेण आणि द्रावकात मिसळतात. मिश्रण सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणले ते पॅराफिनने. कच्च्या खनिज तेलापासून मिळणारे हे मेण भारतातही तयार होते. आसाममधील दिग्बोई येथील 1901 सालची रिफायनरी त्यासाठी ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मिश्रणात सिलिकोनही आले. त्यामुळे वॅक्स सहज पसरू लागले आणि थोड्या श्रमात झळाळी येऊ लागली. मात्र पत्र्यावर सिलिकोनचा अंश राहिला तर पुन्हा रंग मारताना त्यात खड्ड्यांसारखे गोल डाग उठतात. म्हणून पेंटर रंगकामाआधी पत्रा द्रावकाने नीट पुसून घेतात.

महाराष्ट्रात रंगाचा उद्योग मुंबईत वाढला. पुढे नेरोलॅक झालेली गहागन पेंट्स 1920 मध्ये लोअर परळला सुरू झाली आणि एशियन पेंट्स 1942 मध्ये. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसॅडर या दोन गाड्यांनी कित्येक दशके रस्ते व्यापले. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे आहे ती गाडी टिकवणे भाग होते आणि डेंटिंग-पेंटिंग हा गावोगावच्या गॅरेजचा मुख्य धंदा झाला. पुट्टी भरायची, पाण्याच्या पॉलिशपेपरने घासायचे, प्रायमर द्यायचा, रंग मारायचा आणि शेवटी कंपाउंडने रबिंग करायचे, हा क्रम तेव्हा ठरला तो आजही चालतो.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि मोटार मध्यमवर्गाच्या दारात पोहोचली. उदारीकरणानंतर आलेल्या नव्या गाड्यांबरोबर मेटॅलिक रंग आणि त्यावरचा पारदर्शक क्लिअरकोट सर्वत्र दिसू लागला. इथे चकाकीचे गणित बदलले. क्लिअरकोटमुळे नव्या गाडीचा रंग मुळातच चकाकतो. वॅक्सचे काम आता रंग उजळवण्याचे कमी आणि वरचा थर जपण्याचे जास्त झाले. ड्युकोच्या काळातले जाडसर कंपाउंड क्लिअरकोटवर घासले तर ते चकाकी देण्याऐवजी ओरखड्यांची जाळी उमटवते.

नांदुऱ्याच्या परिसरात या थराला तीन गोष्टींचा जाच होतो. पहिली म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये हवेचे तापमान 45 अंशांच्या आसपास जाते आणि गडद रंगाचे बॉनेट त्याहून बरेच अधिक तापते. फक्त पॅराफिनचे स्वस्त वॅक्स अशा उष्णतेत मऊ पडते आणि त्याला धूळ चिकटते. दुसरी म्हणजे काळ्या जमिनीची बारीक धूळ. कोरड्या फडक्याने ती झटकली की तीच सँडपेपरचे काम करते. तिसरी म्हणजे पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. नांदुरा तालुक्याचा पूर्णाकाठचा भाग त्यातच येतो. तेथील बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. अशा पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात सोडली की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी कडी उमटते आणि ती क्लिअरकोटमध्ये शिरली की फडक्याने निघत नाही.

परवडणारे वॅक्स निवडायचे ते या तिन्हींचा विचार करून. बाजारात कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स एकाच फळीवर ठेवलेले असतात, पण त्यांची कामे निराळी आहेत. कंपाउंड घासून काढते, पॉलिश सपाट करते आणि वॅक्स झाकते. नव्या गाडीला घासणारे कण नसलेले वॅक्स पुरते. जुन्या, मंद झालेल्या रंगाला आधी पॉलिश लागते. डबीवर कार्नौबा लिहिलेले असले तरी त्याचे प्रमाण उत्पादनानुसार बदलते, म्हणून केवळ नावावर किंमत मोजू नये. उन्हाळ्यात टिकाऊपणा हवा असेल तर कृत्रिम पॉलिमरचे सीलंट अधिक काळ टिकते. गडद रंगावर खोल, ओलसर झळाळी हवी असेल तर कार्नौबाचे मिश्रण सरस ठरते. घट्ट पेस्टची लहान डबी पातळ द्रव वॅक्सच्या बाटलीपेक्षा बहुधा जास्त पुरते, कारण ती थोडीच लागते.

शेवटी चकाकी ठरते ती लावण्याच्या पद्धतीने. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना आणि शक्यतो गोड्या पाण्याने धुवावी. पाणी वाळण्याआधीच ते मायक्रोफायबरने टिपावे. दरवाजाएवढा एकेक भाग घेऊन वॅक्सचा अगदी पातळ थर द्यावा. तो वाळून पांढुरका झाला की बोट फिरवून पाहावे. बोटाखाली स्वच्छ रेघ उमटली तर पुसायची वेळ झाली, माखले तर अजून थांबावे. जाड थर चकाकी वाढवत नाही, तो फक्त पुसायला जड जातो. बॉनेटवर टाकलेले पाणी गोल थेंब धरते तोवर थर शाबूत असतो. ते पसरट होऊन रेंगाळू लागले की वॅक्स पुन्हा लावावे. दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे पावसाळा ओसरल्यावर, एकदा आणि उन्हाळा तापण्याआधी एकदा, असे वर्षातून दोनदा हे केले तर साध्या वॅक्सनेही या भागातील गाडीचा रंग वर्षानुवर्षे टवटवीत राहतो.