शुश्रूषा आणि वॉर्ड क्रमांक ४

‘शुश्रूषा’ हा शब्द संस्कृत ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपावरून आला. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकावे, त्याच्या आज्ञेत राहावे, यातून सेवा आणि पुढे रुग्णसेवा, असा त्याचा अर्थविस्तार झाला. मराठीच्या रोजच्या व्यवहारात आता हा शेवटचा अर्थच उरला आहे. वर्गात ही व्युत्पत्ती सांगताना मला परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील वॉर्ड क्रमांक ४ आठवतो.

कर्नाटकातील हळदीपूरहून मुंबईत आलेल्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी याच रुग्णालयात एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न यांसाठी आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. मुंबईतील परिचारिकांनी तेव्हा संप केला. अरुणासाठी न्याय्य वागणूक आणि स्वतःसाठी सुरक्षितता, या दोन्ही मागण्या त्यात एकत्र होत्या. नंतरच्या गौरवलेखनात हा संप सहसा गाळला जातो.

त्यानंतर बेचाळीस वर्षे. तिला पुसून घेणे, कूस बदलणे, मऊ केलेला घास भरवणे. तिच्या अंगावर एकही शय्याव्रण नाही, याची नोंद न्यायालयानेही घेतली. इतकी वर्षे खाटेवर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे घरी कुणाची उठबस केलेल्यांना वेगळे सांगायला नको. ऐंशीच्या दशकात तिला अन्यत्र हलवण्याचा प्रयत्न झाला, तो परिचारिकांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला. जुन्या निवृत्त झाल्या, १९७३ मध्ये जन्मही न झालेल्या मुली त्या जागी आल्या आणि काम पुढे चालले. हे कुटुंब पाळ्यांवर चालणारे होते.

पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये तिची कहाणी पुस्तकरूपाने मांडली आणि पुढे तिचे अन्न थांबवावे, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात केला. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. समितीच्या मते तिची स्थिती बऱ्याच अंशी कायमच्या अचेतनावस्थेची होती. रुग्णालयाचे निवेदन वेगळे होते : ती चेहऱ्याने प्रतिसाद देते, मलमूत्राची भावना झाली की आवाज करते आणि तो आवाज परिचारिकांना कळतो. एकाच देहाची ही दोन वाचने. पहिले चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. विराणींचा प्रश्नही निष्ठुर नव्हता, किंबहुना तो विचारला गेला म्हणूनच निष्क्रिय इच्छामरणाची वाट कायद्यात उघडली. पण दुसरे वाचन शुश्रूषेच्या मूळ अर्थाने झालेले आहे.

७ मार्च २०११ रोजी अर्ज फेटाळताना न्यायालयापुढे खरा पेच नात्याचा होता. आईवडील हयात नव्हते, इतर आप्तांचा फारसा संबंध उरला नव्हता. तिच्या वतीने बोलणारा ‘वादमित्र’ कोण? विराणी नव्हेत, के. ई. एम.चा कर्मचारीवर्ग, असे न्यायालयाने ठरवले. तिने जगावे ही या वर्गाची इच्छा निर्णायक ठरली. परिचारिकेला ‘देवदूत’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि देवदूताला पगार, पाळी किंवा संप शोभत नाही. या निकालाने पगारी, पाळीतल्या कामालाच आप्ताचा अधिकार दिला, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

१८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली. अंत्यसंस्कारासाठी काही नातलग आले, तेव्हा परिचारिकांनी हरकत घेतली. अखेर रुग्णालयाचे अधिष्ठाता आणि एक नातलग, दोघांनी मिळून अग्नी दिला.