पीठ घरी नेणाऱ्या बायका

घरून काम करण्याचा प्रश्न २०२०च्या टाळेबंदीने उभा केला, असे मानणे चूक आहे. मुंबईत तो पापडाच्या निमित्ताने कितीतरी आधी सुटला होता. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. हीच पुढची ‘लिज्जत’. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून काम थांबले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली पेटता स्टोव्ह, अशी तोड निघाली. मग बायका इतक्या वाढल्या की जागा पुरेना, आणि तिंबलेले पीठ घरी न्यायचे ठरले. काम नजरेआड गेले की त्याची प्रत टिकेल का, ही धास्ती आजच्या कचेऱ्यांनाही आहे. तिचे उत्तर इथे कामाच्या विभागणीतच होते. चव ज्यावर ठरते ते पीठ केंद्रातच तिंबायचे आणि लाटणे-वाळवणे घरी. घरात वाळवणाला स्वच्छ जागा आहे ना, हे आधी बघायचे. दुसऱ्या दिवशी पापड पारखून, तोलून घ्यायचे आणि मजुरी तिथेच हातावर ठेवायची. लाटणारी किती वाजता पोळपाटाशी बसली, हे कुणी विचारत नसे.

पापड तोलता येतो, टेबलावरचे काम कसे तोलणार, असे कुणी म्हणेल. अडचण खरी आहे. पण काय तोलायचे हे ज्या कचेरीला ठरवता येत नाही, तिला समोर बसलेल्या माणसाचे काम तरी कुठे कळते? तिथे खुर्चीतली हजेरीच काम म्हणून धरली जाते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: घरी नेलेल्या कामात पिळवणूकही होते. सोलापूरच्या विडीवाल्या बायकाही पाने-तंबाखू घरी नेऊनच विड्या वळत आल्या. तिथे पारख विडी कारखानदाराच्या हाती. बाद ठरवलेल्या विडीची मजुरी बुडते. पापडाची पारख मात्र सभासद बहिणींच्याच हाती होती, आणि नफ्यातोट्यात त्यांचा वाटा होता. घर तेच, हात तेच, फरक मालकीचा. १९६६ साली लिज्जतची संस्था म्हणून रीतसर नोंदणी झाली. विडी कामगारांचा कायदाही त्याच वर्षीचा, आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही त्याने कामगार मानले.