अमरावतीची राष्ट्रीय सभा : १८९७

भीतीच्या काळात सरकारवर दुहेरी जबाबदारी येऊन पडते. संकटाचे निवारण करणे ही एक, आणि निवारणाच्या उपायांविषयी प्रजेने विचारलेल्या प्रश्नांस उत्तर देणे ही दुसरी. पहिली पार पाडताना दुसरी टाळण्याचा मोह राज्यकर्त्यांस होतो, आणि मग प्रश्न विचारणाराच संकटाचे मूळ होय, असे प्रतिपादन सुरू होते. इ. स. १८९७ साली महाराष्ट्रात हेच घडले. त्याचा उघड प्रतिवाद वर्षाच्या अखेरीस वऱ्हाडात, अमरावती शहरी झाला.

त्या वर्षाच्या आरंभी पुण्यात प्लेगाने थैमान घातले होते. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्याची व्यवस्था रँड या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. घरझडतीच्या कामी गोरे सोजीर लावले गेले. देवघरे विटाळली, सामानसुमान जाळले, स्त्रियांची अप्रतिष्ठा झाली, अशा तक्रारी घरोघरून उठल्या. शिपायांची वर्तणूक एकंदरीत चांगली आहे, असे सरकारचे म्हणणे होते. २२ जूनच्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ गतप्राण झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला.

खून घोर होता, यात शंका नाही. परंतु त्याचे खापर टीका करणाऱ्या वृत्तपत्रांवर फोडले जाऊ लागले. २७ जुलै रोजी टिळकांना अटक झाली. त्यांच्यावरील आरोप खुनाचा नव्हता. १५ जूनच्या ‘केसरी’तील शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुराने सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होते, असा तो आरोप होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस समजावून सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. हा अर्थ मान्य केला, तर सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक मनुष्य गुन्हेगार ठरतो. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांस दोषी ठरविले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष. १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सरदार नातू बंधूंच्या वाट्यास तर खटलाही आला नाही. १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनचा आधार घेऊन त्यांना चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले.

याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले विलायतेहून परतले. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तेथे सोजिरांवर गंभीर आरोप केले होते. परत आल्यावर ते सिद्ध करण्याजोगा पुरावा त्यांच्या हाती आला नाही, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. पुराव्यावाचून आरोप करू नये, हे खरेच. पण जेथे टीकाकारांची रवानगी तुरुंगात होते, तेथे अत्याचार सोसलेल्या कुटुंबाने साक्षीस पुढे यावे, ही अपेक्षा कितपत रास्त? पुरावा नाही म्हणून तक्रार खोटी, असे म्हणणाऱ्याने पुरावा देण्याची मोकळीक कितपत होती, हेही पाहिले पाहिजे.

अशा वातावरणात डिसेंबरात अमरावतीस राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन भरले. अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वाशीम व वणी हे वऱ्हाडचे सहा जिल्हे १८५३ पासून निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेले होते. तेथे कायदेमंडळ नव्हते. हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली कारभार चाले. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे हे अमरावतीचे वकील. रंगनाथ नरसिंह मुधोळकर व मोरोपंत जोशी हेही तेथलेच वकील. या मंडळींची उपजीविका सरकारी न्यायालयांतच होती. त्यांनी पत्करलेला धोका त्यावरून ध्यानात येतो.

अध्यक्ष होते मद्रासचे वकील सी. शंकरन नायर. त्यांनी पुण्यातील सरकारी धोरणावर आणि टिळकांवरील खटल्यावर कायदेपंडिताच्या दृष्टीने टीका केली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी टिळकांच्या निर्दोषत्वावरील आपला विश्वास भर सभेत सांगितला. नातू बंधूंच्या चौकशीविना झालेल्या बंदीचा निषेध ठरावाने झाला, आणि राजद्रोहाचा कायदा अधिक कडक करण्याच्या बेतासही विरोध नोंदविला गेला. खुनाचे समर्थन तेथे कोणी केले नाही. खून निंद्य आहे आणि पुराव्यावाचून शिक्षा हीही निंद्य आहे, ही दोन वाक्ये एकाच मुखाने उच्चारता येतात, हे सभेने दाखवून दिले.

तात्कालिक फळ मिळाले नाही. १८९८ साली राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्यात आले. टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले, नातू बंधू १८९९ साली. त्यांच्यावर खटला शेवटपर्यंत झाला नाही. परंतु प्लेगाच्या बाबतीत अनुभवाने प्रजेचेच म्हणणे खरे ठरविले. जुलमी झडत्यांच्या धास्तीने लोक रोगी लपवू लागले, त्यामुळे साथ आवरणे अधिकच अवघड झाले, आणि पुढील वर्षांत सरकारला सक्ती सैल करावी लागली. ज्या तक्रारींस राजद्रोह मानले, त्या ऐकल्या असत्या तर उपाय वेळीच सुधारता आले असते. प्रजेची तक्रार ही राज्यकर्त्यांस फुकट मिळणारी माहिती असते. ती दडपणारे सरकार स्वतःच अंधारात राहते.

शंकरन नायर पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. पण पंजाबातील अत्याचारानंतर १९१९ साली त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. ओड्वायर या पंजाबच्या माजी लेफ्टनंट गव्हर्नरावर टीका केल्याबद्दल १९२४ साली लंडनच्या न्यायालयाने त्यांना पाचशे पौंडांची भरपाई द्यावयास लावली. तेथेही बारांपैकी एक ज्यूरर, हॅरल्ड लास्की, वेगळे मत देऊन उभा राहिला.

स्वतंत्र भारतात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ संकुचित केला. हिंसेस वा बेबंदशाहीस चिथावणी नसलेली सरकारवरील कडक टीकाही गुन्हा नव्हे, असे ठरविले. मुंबईतील तिघा ज्यूररांनी आणि अमरावतीच्या सभेने धरलेली बाजू मान्य होण्यास पासष्ट वर्षे लागली. ती बाजू त्यांनी धरली, तेव्हा ती हरलेली होती.