सिकंदरसाहेबाचें आजोळ

हिंदुस्थानांत येऊन येथेंच मातीस मिळालेल्या एखाद्या इंग्रज पूर्वजाचा माग काढूं पाहणारास आरंभीं फार अडचण पडत नाहीं. कंपनी सरकार मोठें लेखनप्रिय होतें. मद्रास इलाख्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफनविधि यांच्या नोंदी १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून व बंगालच्या १७१३ पासून लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत जतन केलेल्या आहेत. त्यांच्या जोडीस मृत्युपत्रें, लष्करी भरतीचे कागद व थडग्यांवरील लेख आहेत. एवढ्या सामग्रीवर बापाचें घराणें स्कॉटलंडांतल्या खेड्यापर्यंत नेऊन पोंचवितां येतें. आईकडे वळलें म्हणजे मात्र लेखणी आखडते. पुष्कळ नोंदींत ‘एतद्देशीय स्त्री’ एवढ्या दोन शब्दांवरच तिची बोळवण झालेली दिसते. (आमच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतहि बहुधा पुरुषांचीच रांग असते, हें खरें, तेव्हां कंपनीच्या कारकुनासच एकट्यास बोल लावणें न्यायाचें होणार नाहीं.)

जेम्स स्किनर ऊर्फ सिकंदरसाहेब याचेंच उदाहरण घेऊं. त्याचा जन्म १७७८ चा. बाप हर्क्युलीस स्किनर हा कंपनीच्या फौजेंतला स्कॉच अधिकारी, आई रजपूत. ती भोजपूर प्रांतांतील एका जमीनदाराची मुलगी असून चौदाव्या वर्षीं युद्धांत कैद झाली, असें स्किनरनें स्वतःच सांगून ठेविलें आहे. तिला तीन मुली व तीन मुलगे झाले. पुढें मुलींना शाळेंत घालण्याचें ठरलें. पडदा मोडला, कुळाची अब्रू गेली, असें वाटून त्या मानी स्त्रीनें १७९० त प्राणत्याग केला. आमच्या मतें त्या घराण्याच्या इतिहासांतील सर्वांत दारुण प्रसंग हाच होय, आणि तो कळतो तो मुलाच्या आठवणींतून.

या मातृरक्ताची किंमत मुलास लौकरच भरावी लागली. १७९१ च्या हुकुमानें एतद्देशीय आईच्या मुलांना कंपनीच्या मुलकी, लष्करी व आरमारी अधिकाराच्या जागा बंद झाल्या. १७९५ त लष्करांत त्यांच्यासाठीं ढोल, बासरी व घोड्यांची नालबंदी एवढेंच उरलें. त्याच वर्षीं जेम्सला कलकत्त्यांत एका छापखान्यांत उमेदवार ठेविलें होतें. तो तिसऱ्या दिवशीं पळाला. पुढें त्यास आश्रय मिळाला तो मराठ्यांच्या छावणींत, शिंद्यांच्या डी बॉयनकृत कवायती पलटणींत! १८०३ त इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच पेराँनें त्यास काढून टाकिलें. तो लॉर्ड लेककडे गेला. पण जुन्या धन्यावर, म्हणजे शिंद्यांवर, शस्त्र धरणार नाहीं, ही अट घालून. ज्यांनीं त्याला जन्मामुळें दार लावलें होतें त्यांनाच त्याच्या पिवळ्या अंगरख्यांच्या स्वारांची गरज पडली, ही गोष्ट वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

दिल्लीस त्यानें बांधविलेलें सेंट जेम्सचें देवालय १८३६ त पुरें झालें. १८४१ त तो हांसी येथें वारला व पुढें त्याच देवालयांत त्यास मूठमाती देण्यांत आली. १८२५ त त्यानें हिंदुस्थानांतील जातींचें व त्यांच्या उत्पत्तीचें वर्णन करणारा ‘तश्रीह-उल्-अक्वाम’ हा सचित्र फारसी ग्रंथ सिद्ध केला होता. त्याची एक प्रत आज लंडनच्या त्याच ग्रंथालयांत आहे, जेथें बाप्तिस्म्यांचीं तीं बाडें आहेत.