अधिक चिन्हाचे राज्य
(कीकॅप आणि स्विच यांच्या मेळाच्या अभ्यासाची प्रस्तावना)

मेकॅनिकल कीबोर्डवरची कीकॅप ओढून काढली की खाली स्विचचे तोंड दिसते. या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी ते नीट पाहावे. बेरजेच्या चिन्हासारखा खांब वर आलेला असेल, तर तो चेरी एमएक्स किंवा त्याचा भाऊबंद. आयताकृती खाच असेल तर बहुधा जपानच्या आल्प्सचा स्विच. दोन बारीक चिरा शेजारीशेजारी असतील तर कैल कंपनीचा बुटका चॉक. टोप्रे स्विचची पोकळी गोल असते. एमएक्समध्ये कीकॅपच्या पोटातली नळी खांबाला कवटाळते. आल्प्समध्ये उलटे, कीकॅपचाच दांडा खाचेत शिरतो. म्हणून एकाची कीकॅप दुसऱ्याला 'थोडी घासून' बसेल अशी आशा धरू नये.

अभ्यासाला खरी सुरुवात होते ती हे अधिक चिन्ह जिंकले कसे, या प्रश्नापासून. कीबोर्डवर कोणती अक्षरे कुठे असावीत याला आंतरराष्ट्रीय मानके आहेत; खांबाचा आकार मात्र कुठल्या समितीने ठरवलेला नाही. चेरीचा एमएक्स 1980च्या दशकातला. त्याच दशकात आल्प्सही जोरात होता. अॅपलचा 1987चा एक्स्टेंडेड कीबोर्ड आल्प्सच्याच स्विचवर चाले, आणि माझ्या बोटांना आजही तोच सरस वाटतो. पण आल्प्सने ते स्विच बनवणे थांबवले, चेरीने थांबवले नाही. पुढे 2014च्या सुमारास चेरीचे पेटंट सरले आणि गेटरॉन, कैल, औटेमू अशा चिनी कारखान्यांचे स्विच बाजारात पसरले. सगळ्यांनी तोच खांब उचलला, कारण कीकॅप बनवणाऱ्यांचे साचे त्याच खांबासाठी तयार होते. साचा महाग असतो, आणि गुणापेक्षा साचा कोणाकडे आहे यावर बरेच काही ठरते. आपल्याकडच्या बँकांत आणि बिलिंग काउंटरवर वर्षानुवर्षे खडखडणारा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड याच घराण्यातला. त्याच्या पोटात चेरीचे निळे स्विच असत.

खांब जुळला म्हणजे काम झाले, असे बहुतेकांना वाटते. इथे थोडे थांबायला हवे. कैलच्या सुरुवातीच्या काही बॉक्स स्विचचा खांब किंचित जाड निघाला. कीकॅप त्यावर घट्ट बसे, तक्रारीला जागाच नसे. पण आतली नळी ताणली जाई, एबीएस प्लॅस्टिकवर पांढुरक्या रेषा उमटत आणि काही नळ्यांना तडे जात. तीच कीकॅप पुन्हा साध्या एमएक्सवर लावली की सैल. कंपनीने पुढे माप सुधारले. मिलिमीटरच्या एका लहानशा अंशाने काय घडते, हे यापेक्षा चांगले शिकवणारे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा पेच रुंदीचा. एका साध्या कळीची जागा 19.05 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. तिला एक युनिट म्हणतात. अमेरिकी मांडणीचा स्पेसबार सहसा 6.25 युनिटांचा, पण काही कीबोर्डांवर तो 7 युनिटांचा असतो. छोट्या कीबोर्डांवर उजवी शिफ्ट 2.75 युनिटांवरून 1.75वर येते. कीकॅपचा संच विकत घेणारा पस्तावतो तो बहुधा याच खालच्या ओळींत, अक्षरांत क्वचितच. लांब कळ तिरपी होऊ नये म्हणून तिच्याखाली स्टॅबिलायझर असतो. चेरी पद्धतीचा स्टॅबिलायझर तिला स्विचसारख्याच खांबांनी धरतो, तर कॉस्टर पद्धतीत कीकॅपच्या आत वेगळे तुकडे बसवून त्यांत तार अडकवावी लागते.

तिसरा पेच उंचीचा आणि उताराचा. ओळीगणिक उतार बदलणाऱ्या संचात वरच्या ओळीची कीकॅप खाली लावली तर ती बसते, पण बोटाला खटकते. म्हणून अक्षरांची कोलमॅक किंवा ड्वोरॅक मांडणी वापरणारे सगळ्या ओळी सारख्या असलेला डीएसए किंवा एक्सडीए प्रोफाइलचा (कीकॅपच्या घडणीचा) संच घेतात. बुटक्या चेरी प्रोफाइलची आणखी एक खोड आहे. स्विचची दिव्याची बाजू वापरणाऱ्यापासून दूर, वर असेल, तर एका ओळीच्या कीकॅपची आतली भिंत कळ पूर्ण दाबताना स्विचच्या कवचावर आपटते आणि शेवटचा ठोका बद्द येतो. हे कागदावरच्या मापांत पटकन दिसत नाही. कान लावावा लागतो.

या क्षेत्रात काम संपले असे समजू नये. चुंबकीय स्विचमध्ये धातूच्या पात्यांची जागा चुंबक आणि संवेदकाने घेतली, आतले बरेच काही बदलले, तरी डोक्यावर बहुधा तोच अधिकचा खांब राहिला. बुटक्या स्विचचे मात्र अजून जमलेले नाही. चॉकच्या पहिल्या पिढीला दोन चिरा, दुसरीला अधिक चिन्ह. त्यातही नेहमीची उंच कीकॅप बुटक्या स्विचवर चढवली तर ती पूर्ण खाली जाण्याआधी कडेने स्विच धरणाऱ्या पट्टीला टेकू शकते. चॉकसाठी केलेल्या अनेक कीबोर्डांवर तर कळींमधले अंतरच 18 बाय 17 मिलिमीटर धरलेले असते, म्हणजे नेहमीच्या रुंदीची कीकॅप शेजारणीला घासणार. इथे कोणाचा साचा टिकेल हे ठरायचे आहे, आणि नव्या अभ्यासकाने मोजपट्टी घेऊन आधी इकडेच यावे.