दोन उपग्रहांमधला सांधा

उपग्रह सोडणारे वेगळे आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळवणारे वेगळे. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाची ‘रिमोट सेन्सिंग सिस्टिम्स’ ही दुसऱ्या पंथातली. फ्रँक वेंट्झ यांनी १९७४ मध्ये स्थापलेली ही छोटी कंपनी. पण तिचे आकडे घेतल्याशिवाय हवामानबदलाचा वाद पुढे सरकत नाही.

हवेतला ऑक्सिजन सूक्ष्मलहरी सोडतो. त्यांच्या तीव्रतेवरून ब्राइटनेस टेम्परेचर, म्हणजे त्या हवेच्या तापमानाचे माप, निघते. १९७८ च्या अखेरीपासून अमेरिकी हवामान उपग्रहांवर त्यासाठी एमएसयू (मायक्रोवेव्ह साउंडिंग युनिट) हे उपकरण होते. त्याच्या नोंदींवरून पहिली तापमानमालिका १९९० मध्ये नासाचे रॉय स्पेन्सर आणि हंट्सव्हिलच्या अलाबामा विद्यापीठातले जॉन ख्रिस्ती यांनी मांडली. तीत तापमानवाढ फारशी दिसेना. १९९८ मध्ये वेंट्झ आणि मॅथियास शाबेल यांनी एक कारण दाखवले. विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह खाली येत होते. वातावरणाच्या खालच्या थराचे तापमान काढताना सरळ आणि तिरक्या नजरेच्या नोंदींची वजाबाकी करतात. उंची घटली की हे गणित बिघडते आणि नसलेली थंडी दिसू लागते. दुरुस्तीनंतर तापमानबदलाचा दर दशकाला उणे ०.०५ अंशांवरून अधिक ०.०७ अंशांवर गेला. हंट्सव्हिलकरांनी मुद्दा मानला, पण उलट दिशेच्या दुसऱ्या दुरुस्त्याही लावल्या.

मग सांता रोझाने स्वतःचीच मालिका बांधायला घेतली. कंपनीतले शास्त्रज्ञ कार्ल मिअर्स यांचे नाव तिच्याशी जोडले गेले ते तेव्हापासून. खरी मेहनत एका उपग्रहाच्या नोंदी दुसऱ्याच्या नोंदींशी जोडणाऱ्या सांध्यांवर होती. एमएसयू दर २५.६ सेकंदांना एकदा स्वतःच्या उबदार काळ्या लक्ष्याकडे आणि एकदा २.७ केल्विनच्या मोकळ्या अवकाशाकडे बघत असे, आणि या दोन टोकांवरून मधले आकडे ठरत. कक्षा सरकली, ऊन वेगळ्या कोनातून पडले की लक्ष्य तापे-निवे आणि त्याची थोडी छाया आकड्यांत उतरे. ती किती, हे दोन उपग्रह एकाच वेळी फिरत असतील तरच कळते. नोआ-९ आणि नोआ-१० हे अमेरिकी उपग्रह जेमतेम काही महिने सोबत होते! दोन्ही गटांच्या निष्कर्षांतली बरीच तफावत या एका अरुंद सांध्यातून आली.

२००५ मध्ये मिअर्स आणि वेंट्झ यांना हंट्सव्हिलच्या दिवस-रात्रीच्या दुरुस्तीत चिन्हच उलटे सापडले. दुपारी विषुववृत्त ओलांडणारा उपग्रह वर्षागणिक संध्याकाळकडे सरकतो, त्याचा हिशोब उलटा लागला होता. चूक मान्य झाली. दशकाचा दर ०.०९ वरून ०.१२ वर गेला.

पुढे गंमत अशी झाली, की तापमानवाढ नाकारणाऱ्यांना सांता रोझाचाच आलेख प्रिय झाला. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सिनेटर टेड क्रूझ यांनी तो सिनेटच्या सुनावणीत झळकवला. मिअर्स मात्र सांगत राहिले, की जमिनीवरच्या नोंदी अधिक भरवशाच्या. २०१६-१७ मध्ये दिवस-रात्रीची दुरुस्ती सुधारून चौथी आवृत्ती आली आणि वाढीचा दर वर गेला.

नोआ-१४ आणि नोआ-१५ या उपग्रहांचे मात्र अजून जमत नाही. दोघांच्या नोंदी एकमेकांपासून दूर सरकत गेल्या. हंट्सव्हिलने नोआ-१५ वर भरवसा ठेवला; सांता रोझाने दोन्ही ठेवले, कारण खोटा कोण हे त्यांना ठरवता आले नाही.