नळीत पातळ, शिरेत घट्ट

१७९६ साली पॅट्रिक रसेल यांचा भारतीय सापांवरील सचित्र ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत विशाखापट्टणमला राहिलेल्या या वैद्याने ‘कटुका रेकुला पोडा’ असे तेलुगू नाव असलेल्या एका सापाची नोंद केली. मराठीत तो घोणस. जगाने मात्र तेलुगू नाव विसरून त्याला रसेलचेच नाव दिले.

या सापाच्या विषातील एक विकर रक्त गोठण्याच्या साखळीतील आधीचे टप्पे ओलांडून थेट दहाव्या घटकाला जागे करते. १९३४ मध्ये मॅक्फार्लेन आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील बर्जेस बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ते अतिविरल करून वापरले.

पुढे १९५२ मध्ये कॉन्ली आणि हार्टमन यांना ल्यूपसच्या दोन रुग्णांत रक्त गोठण्याला अडसर करणारा एक पदार्थ आढळला. नळीत असे रक्त उशिरा गोठते. पण पुढील निरीक्षणांत अशा अनेकांच्या शिरांत उलट गुठळ्याच होताना दिसल्या! दोषी होती फॉस्फोलिपिडला बिलगलेल्या प्रथिनांवर उठणारी प्रतिपिंडे. नळीत ती गोठण्याला लागणारे फॉस्फोलिपिड अडवून धरतात. शरीरात मात्र रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि बिंबिका यांना चेतवतात.

स्नायूंचे बळ हरणारा मायस्थेनिया ग्रेव्हिस हाही प्रतिपिंडांचाच आजार. सिम्प्सन यांनी १९६० मध्ये तसा तर्क मांडला आणि १९७३ मध्ये सशांवरील प्रयोगाने त्याला बळ मिळाले. एक आत्मप्रतिकारक रोग अनेकदा दुसऱ्याला सोबत आणतो. त्यामुळे काही मायस्थेनिया रुग्णांच्या रक्तातही फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे सापडतात. थायमस ग्रंथी काढण्यापूर्वीच्या चाचणीत रक्त गोठण्याचा वेळ लांबलेला दिसतो. त्याचा अर्थ ‘रक्तस्रावाचा धोका’ असा लावून गुठळीरोधक औषध रोखले, तर चूक जिवावर बेतू शकते.

उपचारांनी गुंता आणखी वाढवला. १९७६ पासून मायस्थेनियात वापरात आलेल्या प्लाझ्मा-बदलात प्रतिपिंडांबरोबर फायब्रिनोजेनही निघून जाते. तेथे लांबलेला वेळ खरोखरच रक्तस्रावाची सूचना असतो. शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनचा धोका नेमका उलटा, गुठळीचा. २०१० मध्ये परदेशात अशा एका उत्पादनाचा वापर थांबवावा लागला. त्यात गोठण्याचा सक्रिय अकरावा घटक मिसळलेला निघाला.

अहवालातला आकडा दोन्हीकडे सारखाच दिसू शकतो. तो उलगडण्यासाठी १९८६ पासून रुग्णाच्या प्लाझ्मात घोणसाचेच विरल विष घालतात. गोठण्याला वेळ लागला आणि जादा फॉस्फोलिपिड मिसळताच तो आखडला, तर संशय प्रतिपिंडांवर जातो. बारा आठवड्यांनी चाचणी पुन्हा करून त्याची खातरजमा होते.